द्यूतसभा नववीच्या वर्गात: साहित्य आणि नाटकातून मूल्यं कशी शिकवता येतात

मूल्यशिक्षणाचा तास झाला म्हणून मुलं प्रामाणिक होतात का? शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोन अभ्यासकांनी हा प्रश्न फार चिकाटीने तपासला. आठ ते सोळा वयाच्या जवळजवळ अकरा हजार मुलांना त्यांनी अशा प्रसंगांत घातलं, जिथे फसवणं सोपं होतं आणि आपण पकडले जाऊ असं मुलांना वाटत नव्हतं. स्वतःचा पेपर स्वतः तपासायचा, खेळातले गुण स्वतःच नोंदवायचे, हाताळायला दिलेली नाणी परत करायची. १९२८ ते १९३० या काळात त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि अनेकांना ते पचले नाहीत. एका प्रसंगात खरं वागलेलं मूल दुसऱ्या प्रसंगात तसंच वागेल याची खात्री नव्हती. प्रामाणिकपणा म्हणजे काय हे नीट सांगता येणं आणि प्रत्यक्षात प्रामाणिक वागणं, यांचा एकमेकांशी संबंध अगदी थोडा होता.

महाराष्ट्रातल्या शाळांत मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं ठरलेली आहेत. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्म सहिष्णुता, राष्ट्रभक्ती आणि राष्ट्रीय एकात्मता. यादी चांगली आहे, तिच्यातलं एकही मूल्य गाळावं असं मला वाटत नाही. पण परिपाठात फळ्यावर सुविचार लिहिला गेला, सगळ्यांनी तो एका सुरात म्हटला, की त्या मूल्याचं त्या दिवसापुरतं काम झालं असं आपण धरून चालतो. नववीतल्या मुलाला ‘संवेदनशीलता’ या शब्दाचा अर्थ चांगला माहीत असतो. मधल्या सुट्टीत एखाद्याची टिंगल चालली असताना आपण तिथे उभं राहायचं, हसायचं की निघून जायचं, हे मात्र त्या शब्दाच्या अर्थातून ठरत नाही.

ते कशातून ठरतं, यावर साहित्य आणि वर्गातलं नाटक काम करू शकतं. कसं, ते या लेखात सांगायचं आहे.

आधी वयाबद्दल थोडं. किशोरवयीन मुलांना बरं-वाईट कळत नाही हा आपला समज चुकीचा आहे. त्यांना कळतं, आणि कितीतरी वेळा मोठ्यांपेक्षा स्वच्छ कळतं. अडचण येते ती सोबतीचे बघत असताना. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांचा २००५ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ होता. मोठी माणसं एकटी असोत की मित्र शेजारी असोत, सारखाच धोका पत्करत होती. तेरा ते सोळा वयाची मुलं मात्र मित्र बघत असताना जास्त धोका घेत होती. म्हणजे या वयातला नैतिक निर्णय बहुतेकदा चारचौघांत होतो. तो शिकवायचा असेल तर तोही चारचौघांतच शिकवावा लागेल. वहीत ‘मी काय केले असते’ यावर निबंध लिहिताना मूल एकटं असतं, आणि एकटं असताना सगळेच शूर असतात. वर्गात सगळ्यांसमोर उभं राहून तेच बोलायचं झालं की खरी अडचण जागी होते.

आता साहित्य. लहान मुलांना ससा-कासवाची गोष्ट चालते, कारण तात्पर्य एकच असतं आणि ते सापडल्याचा आनंद असतो. तेरा-चौदाव्या वर्षी तशा गोष्टीचा उपयोग संपतो. या वयाला अशी गोष्ट लागते जिच्यात दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात. प्रेमचंदांची १९१६ सालची ‘पंच परमेश्वर’ ही कथा त्यासाठी नमुनेदार आहे. जुम्मन शेख आणि अलगू चौधरी यांची घट्ट मैत्री. जुम्मन आपल्या म्हाताऱ्या मावशीची जमीन नावावर करून घेतो आणि मग तिची आबाळ करतो. मावशी पंचायत बोलावते आणि पंच म्हणून नेमकं अलगूचं नाव घेते. इथे थांबून वर्गाला विचारलं, की अलगूने काय करावं, तर ‘न्याय करावा’ असं पटकन येतं. मग विचारावं: तुझ्या बाकावरच्या मित्राने कॉपी केली, बाईंनी तुलाच विचारलं, तर? आता वर्ग शांत होतो, कारण या वयात मैत्री हे फार मोठं मूल्य आहे आणि ते खोटं नाही. मैत्री आणि न्याय यांतलं एक खालचं ठरवून प्रश्न सोडवला, तर मुलांना आपण त्यांच्या आयुष्याबद्दल बोलतच नाही असं वाटतं, आणि ते बरोबर असतं.

वाचन मुलाला दुसऱ्याच्या मनात नेतं. नाटक त्याला दुसऱ्याच्या जागी उभं करतं, आणि मग मागून कोणीतरी म्हणतं, बोल आता. कथेत अलगूचा निर्णय प्रेमचंदांनी घेतलेला असतो. वर्गात तो मुलाला स्वतः घ्यावा लागतो, सगळ्यांच्या नजरेसमोर.

हे प्रत्यक्षात कसं करायचं ते एकाच प्रसंगावरून सविस्तर सांगतो: महाभारताच्या सभापर्वातली द्यूतसभा. मराठी घरातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला ती ऐकून किंवा टीव्हीवर पाहून माहीत असते. आणखी एक सोय म्हणजे आपल्या वर्गांत पन्नास-साठ मुलं असतात आणि सभेलाही तेवढीच माणसं लागतात. कोणी ‘उरत’ नाही.

टीव्हीवरच्या रूपात ही गोष्ट द्रौपदी, दुःशासन आणि कृष्ण यांची होते. मूळ प्रसंगात मात्र लहान-लहान माणसं आहेत आणि वर्गासाठी तीच महत्त्वाची. युधिष्ठिर द्रौपदीला पणाला लावून हरतो. तिला सभेत घेऊन ये, असं दुर्योधन आधी विदुराला सांगतो. विदुर नकार देतो, वर त्याला खडसावतो. मग दुर्योधन प्रातिकामीला पाठवतो. प्रातिकामी म्हणजे दरबारातला सेवक, निरोप्या. तो आत जातो. द्रौपदी त्याला परत पाठवते: जा, सभेत विचारून ये, युधिष्ठिर आधी कोणाला हरला, स्वतःला की मला? तो येऊन प्रश्न विचारतो. युधिष्ठिर उत्तर देत नाही. प्रातिकामीच्या फेऱ्या होतात आणि शेवटी पुन्हा ‘घेऊन ये’ असा हुकूम होतो, तेव्हा तो बिचारा सभेलाच विचारतो, मी तिला काय सांगू? तेव्हा दुर्योधन म्हणतो, हा भीमाला घाबरतोय, आणि दुःशासनाला पाठवतो.

प्रातिकामीची भूमिका एखाद्या मुलाला द्या आणि बघा. त्याला दोन दारांमध्ये चालायला लावा. एका टोकाला हुकूम देणारा, दुसऱ्या टोकाला प्रश्न विचारणारी. तिसऱ्या फेरीला बहुतेक मुलांची चाल आपोआप मंदावते. तिथे थांबवून त्याला विचारावं, तुला आत्ता काय करावंसं वाटतंय? मग वर्गाला विचारावं: विदुराने नाही म्हटलं, हा का म्हणू शकला नाही? मुलं म्हणतात, विदुर काका आहे, मंत्री आहे, त्याला कोण काय करणार. याला तर मारलं असतं. इथून एक फार मोठा विषय उघडतो. नाही म्हणण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते. पहिल्या बाकावरच्या, चांगले मार्क पडणाऱ्या, वडील शाळेच्या समितीवर असलेल्या मुलाचं ‘नाही’ आणि मागच्या बाकावर बसणाऱ्या, फी थकलेल्या मुलाचं ‘नाही’ यांत फरक आहे. नैतिक शिक्षणाच्या पुस्तकांत हा फरक क्वचितच येतो, मुलांना तो रोज दिसतो. म्हणूनच सगळ्यांना सरसकट ‘धाडसी व्हा’ सांगणं मला अपुरं वाटतं.

आता सभासद. वर्गातली बाकीची मुलं गोलात बसतील. त्यांना संवाद नाहीत, एवढंच सांगायचं: तुम्ही हस्तिनापूरच्या सभेत बसलेली प्रतिष्ठित माणसं आहात. द्रौपदीचा प्रश्न सभेत विचारला गेला की शिक्षकाने प्रसंग गोठवायचा, सगळे जिथल्या तिथे. मग एकेकाच्या खांद्याला हात लावायचा. ज्याला हात लागेल त्याने त्या सभासदाच्या मनात चाललेलं एक वाक्य मोठ्याने म्हणायचं. जी वाक्यं येतात ती कोणी शिकवलेली नसतात. ‘आधी भीष्मांना बोलू दे.’ ‘हा त्यांच्या घरातला मामला आहे.’ ‘मी बोललो तर उद्या माझ्यावर येईल.’ ‘चुकीचंय, पण नियमाने बरोबर आहे.’ एखादा म्हणतो, ‘मला मजा येतेय.’ हे शेवटचं वाक्य आलं तर रागावू नका, कारण बोलणारा सभासद आहे, तो मुलगा नव्हे. आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्याचा फोटो फिरतो तेव्हा गप्प बसणाऱ्यांच्या मनात हीच वाक्यं असतात. ते आपण बोलून दाखवायचं नाही. तासाच्या शेवटी किंवा आठवड्याने एखादं मूल स्वतःच म्हणतं. आपण आधी म्हटलं तर पुन्हा तात्पर्य झालं.

सभेतल्या मोठ्यांचंही ऐकायला हवं. भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे. जो स्वतःचाच मालक उरला नाही तो दुसऱ्याला पणाला लावू शकत नाही, पण पत्नी पतीच्या अधीन असते असंही मानलं जातं, म्हणून मला या प्रश्नाचा निवाडा करता येत नाही. नववीच्या मुली या वाक्यावर उसळतात. उसळू द्यावं. एवढा ज्ञानी माणूस शास्त्राच्या बारकाव्यात अडकतो आणि समोर काय चाललंय ते थांबवत नाही, हे त्यांना मोठ्या माणसांबद्दल बरंच काही सांगून जातं.

मग विकर्ण. धृतराष्ट्राचाच मुलगा, वयाने लहान. तो उठतो आणि कारणं मांडतो: राजाची चार व्यसनं असतात, त्यांतलं द्यूत एक, व्यसनाच्या भरात केलेली गोष्ट ग्राह्य धरू नये, द्रौपदी पाचांची पत्नी आहे, एकट्या युधिष्ठिराची नाही, तिला पणाला लावताना तो स्वतःला हरलेला होता, आणि तिचं नाव शकुनीने सुचवलं होतं. सभेत विकर्णाची वाहवा होते. त्यानंतर कर्ण त्याला पोरकट ठरवून गप्प करतो आणि पुढचं सगळं घडतं. विदुर त्यानंतरही सभेला बजावतो, उत्तर द्या म्हणून. बाकी कोणी उठत नाही. ज्यांनी क्षणापूर्वी वाहवा केली तेही नाही.

माझ्या मते किशोरवयीन मुलांसाठी या प्रसंगाचा गाभा इथे आहे. एकट्याने उठणाऱ्याचं कौतुक आपण पुष्कळ करतो. दुसऱ्याने उठणं आपण शिकवतच नाही.

आणि इथेच ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्टो बोआल यांचं तंत्र उपयोगी पडतं. बोआल १९३१ साली रिओत जन्मले. लष्करी राजवटीत त्यांना १९७१ मध्ये अटक झाली, छळ झाला, देश सोडावा लागला. त्यांनी ‘फोरम थिएटर’ उभं केलं. अन्यायाचा एक प्रसंग वाईट शेवटापर्यंत करून दाखवायचा. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू करायचा. बघणाऱ्यांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणून उठायचं, अन्याय सोसणाऱ्याची किंवा त्याच्या बाजूने उभ्या राहू शकणाऱ्याची जागा घ्यायची आणि वेगळं काहीतरी करून बघायचं. जुलूम करणाऱ्याची जागा घेऊन त्याला एकदम चांगला करायचं नाही, कारण आयुष्यात तसं होत नाही. पश्चिम बंगालमधली ‘जन संस्कृती’ ही संस्था १९८५ पासून खेड्यापाड्यांत हे नाटक करत आली आहे.

वर्गात विकर्णानंतरचा क्षण पुन्हा खेळून बघायचा. एक मुलगी उठते आणि म्हणते, मी विकर्णाशी सहमत आहे. कर्ण तिलाही झापतो. पुन्हा सुरुवात. या वेळी तीन जण उठतात. कर्णाचं काम करणाऱ्याला वाक्य सुचेनासं होतं. पुन्हा एकदा: कोणी भाषण करत नाही, फक्त दहा-बारा सभासद उठून सभेबाहेर चालू लागतात. हे चालेल का, यावर वर्गाने वाद घालायचा. ‘दुर्योधन माफी मागतो’ असं कोणी सुचवलं तर शिक्षकाने एवढंच विचारायचं, हा दुर्योधन खरा वाटतो का? मुलं स्वतःच नाही म्हणतात. बोआल अशा उपायाला जादू म्हणत.

शिक्षकाने या सगळ्यात टेबलामागे बसून राहायचं का? इंग्लंडच्या नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट (१९२६-२०११) यांनी यावर फार सुंदर उत्तर दिलं. त्या स्वतः भूमिकेत शिरत, आणि बऱ्याचदा अधिकार नसलेल्या, मदत मागणाऱ्या भूमिकेत. आपल्या प्रसंगात बाईंनी दूरच्या राज्यातून आलेला पाहुणा व्हावं आणि शेजारच्या सभासदाला हळूच विचारावं, तुमच्याकडे अशीच रीत आहे का? मुलांना मग सभेची बाजू मांडावी लागते, आणि मांडताना ती किती पोकळ आहे हे त्यांनाच ऐकू येतं.

प्रसंग संपल्यावरच्या चर्चेत सर्वात उपयोगी प्रश्न एकच, ‘का?’ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५० च्या दशकापासून मुलांना नैतिक पेच सांगून अभ्यास केला. बायको मरणाच्या दारात आहे, औषधवाला अवाच्या सवा पैसे मागतोय, नवऱ्याने औषध चोरावं का? चोरावं की नाही यापेक्षा मूल त्याचं कारण काय देतं, याकडे त्यांनी पाहिलं. शिक्षा होईल म्हणून, लोक काय म्हणतील म्हणून, कायदा मोडतो म्हणून, की जीव मालमत्तेपेक्षा मोठा म्हणून? आपल्यापेक्षा थोडं पुढचं कारण सोबत्याच्या तोंडून ऐकलं की मुलांचा विचार पुढे सरकतो, असं त्यांच्या सोबतच्या अभ्यासकांना वर्गातल्या चर्चांत दिसलं. मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये या मांडणीवर महत्त्वाचा आक्षेप घेतला: न्यायाचे नियम म्हणजेच नीती नव्हे, नात्यांची काळजी हाही नैतिक विचारच आहे. वर्गात दोन्ही प्रकारची कारणं येतात. दोन्ही फळ्यावर लिहावीत, कोणतं वरचं ते ठरवू नये.

काही पथ्यं मात्र कडक आहेत. वस्त्रहरण वर्गात करायचं नाही, प्रतीक म्हणूनही नाही. दुःशासन दाराकडे निघतो की त्याचं काम तिथेच थांबतं. बाकीचं सगळ्यांना माहीत असतं. ज्या मुलाला वर्ग खरोखर छळतो त्याला छळ सोसणाऱ्याची भूमिका देऊ नये, आणि छळणाऱ्याला दुर्योधनही करू नये. भूमिका वाटताना सेवक कोण होतो आणि राजा कोण, याकडे डोळ्यांत तेल घालून बघावं. आपल्याकडे नाव, रंग, जात, वस्ती पाहून नकळत हे ठरतं आणि मुलांच्या ते लगेच लक्षात येतं. पुढच्या फेरीला भूमिका बदलाव्यात. मुलींनी भीष्म, कर्ण, विकर्ण व्हावं. शेवटी प्रत्येकाला भूमिकेतून बाहेर आणावं: जागा बदलायची, स्वतःचं नाव सांगायचं, ‘मी आता कर्ण नाही’ असं मोठ्याने म्हणायचं. हा पोरखेळ वाटला तरी सोडू नये. दुर्योधन छान केलेल्या मुलाला पुढे महिनाभर वर्ग त्याच नावाने हाक मारत राहिला, तर ते आपलं अपयश असतं. आणि खेळता खेळता एखाद्या मुलाने घरातलं काही सांगून टाकलं, तर ते वर्गाच्या चर्चेचा विषय होत नाही. त्याच्याशी नंतर एकट्याने, शांतपणे बोलायचं.

भाषेबद्दलही आग्रहाने सांगतो. संवाद पाठ करायला देऊ नयेत. प्रसंग समजावून द्यावा आणि मुलांना त्यांच्या बोलीत बोलू द्यावं. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, झाडीबोली, घरी जे बोलतात ते. प्रमाण मराठीत ‘हे अयोग्य आहे’ म्हणणारं मूल बहुतेक वेळा पुस्तक बोलत असतं. वर्गात वर्षभर न बोललेलं मूल आपल्या बोलीत प्रातिकामीची तक्रार मांडतं तेव्हा बाकीची मुलं त्याच्याकडे वळून बघतात.

वर्गनाट्य आणि स्नेहसंमेलनातलं नाटक या वेगळ्या गोष्टी आहेत. गॅदरिंगला पोशाख, ध्वनिक्षेपक, पालक, बक्षीस असतं आणि चार-पाच बोलकी मुलं चमकतात. त्यालाही मोल आहेच. महाराष्ट्राला बालनाट्याची मोठी परंपरा आहे: सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर सुरू केलं, रत्नाकर मतकरींनी पुढची कित्येक दशकं मुलांसाठी लिहिलं, आणि १९८६ पासून मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची शैली पुण्यात रुजली, जिच्यात पऱ्या-राक्षस नसतात, घरातले आणि शाळेतले खरे प्रश्न असतात. पण वर्गातल्या नाटकाला प्रेक्षकच नसतो. पस्तीस मिनिटांचा तास, सरकवलेले बाक, एवढं पुरतं.

हे केल्याने मुलं चांगली होतात का? जेवढं दाखवता येतं तेवढंच सांगायला हवं. कथेचा एक उतारा वाचला की दुसऱ्याचं मन जास्त ओळखता येतं, असा दावा २०१३ मध्ये एका गाजलेल्या प्रयोगाने केला होता, पण पुढे इतर अनेक अभ्यासकांना तो परिणाम पुन्हा मिळाला नाही. एका उताऱ्याने माणूस बदलत नाही. थॅलिया गोल्डस्टाइन आणि एलन विनर यांच्या २०१२ सालच्या अभ्यासात मात्र वर्षभर अभिनय शिकलेल्या मुलांची सहवेदना, इतर कला शिकलेल्या मुलांच्या तुलनेत, अधिक वाढलेली दिसली. फरक वर्षभराचा आहे. म्हणून एक द्यूतसभा करून थांबू नये. महिन्यातून एक प्रसंग घ्यावा. आधी लांबचा, पुराणातला किंवा कथेतला, कारण लांबच्या गोष्टीत मुलं न घाबरता बोलतात. नंतर हळूहळू जवळचा, आणि शेवटी मुलांनी स्वतः लिहिलेला: कॉपीचा, फोटोचा, मैत्रिणीच्या लपवलेल्या गोष्टीचा. त्यातली नावं खोटी असावीत आणि प्रसंग वर्गात नुकताच घडलेला नसावा.

आणि याला गुण देऊ नयेत. आकारिक मूल्यमापनाच्या रकान्यात भरायला हे सोयीचं आहे, मोह होतो. पण गुण आहेत हे कळलं की प्रत्येक सभासद विकर्ण होऊन उठतो आणि त्या उठण्यातून आपल्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी मुलांनी दोन-चार ओळी लिहाव्यात: मी कोण होतो, कुठे बोलावंसं वाटलं, का बोललो नाही. वही शिक्षकाने वाचायची, लाल पेन बाजूला ठेवून. नववीच्या सुरुवातीला ‘का बोललो नाही’च्या पुढे बहुतेक जण ‘भीती वाटली’ लिहितात. कशाची, हे लिहायला त्यांना अर्धं वर्ष लागलं तरी चालेल.